सांडण्याचा परवाना

मोहाचं फूल तोडायचं नसतं, ते पडेपर्यंत थांबायचं असतं. पहाटेच्या गारव्यात ते आपसूक सुटतं आणि उजाडेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडलेला असतो. मी नागपूरच्या वस्तीत गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली, त्यामुळे हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. मोहाबद्दल जे कळलं ते थोडं सरकारी कागदांतून आणि बाकीचं एका बाईकडून.

आता मनीषनगरात आमच्या इमारतीमागे एक रिकामा प्लॉट आहे. भावाभावांचं भांडण कोर्टात गेलं आणि प्लॉट तसाच पडून राहिला. त्यात एक मोह उभा आहे. आसपासची सगळी झाडं गेली, हा मात्र भांडणामुळे वाचला. फाल्गुन सरत आला की सकाळी बाल्कनीचं दार उघडताच त्याचा वास घरात शिरतो. गोड, जड आणि किंचित आंबूस. शेजारच्या प्रणालीला वाटतं, गटार तुंबलं. दरवर्षी ती नाकाला पदर लावून म्हणते, "काकू, नगरपालिकेले अर्ज करा नं, तुमचं अक्षर चांगलं आहे." मी हसून वेळ मारून नेते.

अक्षर माझं खरंच चांगलं आहे. त्याच अक्षराच्या जोरावर सत्तरच्या दशकात मला नोकरी लागली, दारूचे परवाने देणाऱ्या आणि दारू पकडणाऱ्या खात्यात. मी कारकून झाले तेव्हा बाबांनी अख्ख्या वस्तीत पेढे वाटले. गिरणीत साच्यावर उभं राहून त्यांचे कान गेले होते, म्हणून ते प्रत्येकाला ओरडूनच सांगत, "पोरगी दारू बंद करनाऱ्या हाफिसात लागली!" खातं दारू बंद करत नाही, दारूचे परवाने देतं, हे मी त्यांना कितीदा समजावलं. त्यांनी ते कधी ऐकलं नाही आणि त्याला कानांचं निमित्त पुरलं.

यात थट्टेचा भाग थोडाच आहे. छप्पन साली बाबा मला खांद्यावर घेऊन दीक्षेला गेले होते. त्या दिवसापर्यंत ते प्यायचे. गर्दीतून घरी आले, फळीवरची मोहाची बाटली उतरवली आणि काही न बोलता मागच्या नालीत सांडली. आई दारात उभी होती. तिनंही त्याच आठवड्यात कुंकू लावणं सोडलं. त्यानंतर आमच्या घरात कुठल्याही चांगल्या गोष्टीची सुरुवात "ज्या दिवशी बाबांनी सांडली" इथूनच व्हायची. मी शाळेत जायला लागले ते बाबांनी सांडल्यावर. घरावर गवत जाऊन कवेलू चढली ती बाबांनी सांडल्यावर. एखाद्या घरात एखादं क्रियापद पवित्र होतं, तसं आमच्याकडे हे होतं. हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दामुळे झालं.

फाल्गुनात आमच्या टेबलावर मोहफुलांचे अर्ज येत. एका मर्यादेपलीकडे फुलं घरात ठेवायची तर परवाना, गावाबाहेर न्यायची तर पास. झाड ज्याच्या बांधावर, फूल ज्याच्या अंगणात पडणार, त्यानंच वाळवलेल्या फुलांच्या टोपलीसाठी सरकारला विचारायचं. मला त्यात काही वावगं वाटत नसे. मला रकाने आवडत. नाव, गाव, व्यवसाय, हेतू. माणूस चार रकान्यांत बसला की मला बरं वाटायचं.

त्या फाल्गुनात सुगरताबाई आली. खापरखेड्याच्या पुढे, पेंचच्या अंगाला त्यांचं गाव. गोंड शेतकरीण, वय पन्नाशीचं, हातावर कोपरापर्यंत गोंदण. पदराच्या टोकात मोहाची चार फुलं बांधून आणली होती, जणू आम्हाला ओळख पटवायला.

"बाई, लायसन कुठी भेटते?"

"कशाचं?"

"मोहाची काढाचं."

सगळं ऑफिस मान वर करून बघायला लागलं. चोरून काढणारे आम्ही रोज बघत होतो, पण विचारून काढणारं माणूस प्रथमच आलं होतं. हेडक्लार्क मनाने वाईट नव्हते. त्यांनी खरोखर नियमांचं पुस्तक उघडलं आणि तिला एकेक अट समजावून सांगितली. पक्की इमारत हवी. भोवती कुंपण हवं. नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल. आणि आत अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र खोली.

"खोली काहून?" तिनं विचारलं.

"साहेब बसतील ना. किती निघते, कुठे जाते, ते पाहायला."

ती थोडा विचार करून म्हणाली, "खाट आहे नं घरी. मोहाखाली टाकून देतो. सावलीत बसतीन साहेब."

हसू आवरेना कुणाला. मीही हसले. ती आमच्याकडे बघत राहिली, तिला रागही आला नाही. मग मी आपलं कर्तव्य म्हणून विचारलं, "किती काढायची आहे?"

"एक गाडगं. एकच डाव."

"विकायला?"

"इकाले नाही वं बाई. माह्या मानसासाठी पायजे."

झालं. मला आमच्या वस्तीतले सगळे पडलेले, उठवून घरी आणलेले नवरे आठवले. मी तिला भाषण दिलं. नवऱ्याला म्हणावं सोडून द्या, माझ्या बापानं सोडली, तुमचाही सोडेल. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सोडलं, बाई. सारंच सोडलं त्यानं." आणि पदराची गाठ पुन्हा बांधून निघून गेली.

ती विधवा होती. तिच्या कपाळावर काही नव्हतं, हातात काकणं नव्हती, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण माझ्या आईचं कपाळही रिकामं होतं आणि बाबा धडधाकट जिवंत होते. रिकामं कपाळ बघून मला कुणाचा मृत्यू आठवण्याचं कारणच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही कारकुनाला जे क्षणात कळलं असतं ते मला कळलं नाही.

खरी गोष्ट मला पुढे तिच्या अंगणात समजली, तुम्हाला आत्ताच सांगते. तिचा नवरा मनिराम आधीच्या चैत्रात गेला होता. त्यांच्यात गेलेल्या माणसाला देवात मिळवावं लागतं, वर्ष सरायच्या आत. भुमका, म्हणजे त्यांचा पुजारी, येतो, भाऊबंद जमतात, आणि पहिल्या धारेची मोहाची त्या माणसाचं नाव घेऊन मातीवर सांडतात. मग तो पूर्वजांत जाऊन बसतो. नाही सांडली तर बाहेरच राहतो. मनिराम आयुष्यभर नाल्याकाठी चोरून काढत आला. दोनदा पकडला गेला, एकदा आत बसून आला. गाव त्याला चोर म्हणे, मुलांनाही चोराची मुलं म्हणे. सुगरताबाईचं म्हणणं एवढंच होतं की जिवंतपणी जे झालं ते झालं, त्याच्या नावानं सांडायची ती तरी चोरीची नको.

एवढ्यासाठी ती बस बदलत नागपूरला आली होती. आमच्या पुस्तकात कारखान्याला परवाना होता, दुकानाला होता, पिणाऱ्यालासुद्धा होता. देवासमोर एक गाडगं सांडणाऱ्याला मात्र नव्हता.

पाडवा झाला आणि ती पुन्हा आली. ऊन चढलेलं, माठ भरणारा शिपाई रजेवर, टेबलावर वर्षअखेरीच्या फायली. वस्तीत जयंतीची तयारी सुरू होती, बाबांनी निळ्या झेंड्याचं कापड शिवायला माझ्या गळ्यात मारलं होतं, त्यामुळे मला घरी लवकर जायचं होतं. ती येऊन टेबलाशी उभी राहिली.

"बाई, काढली म्या. घरी ठेवली आहे. लपवली नाही."

"अहो मावशी, हे इथं येऊन सांगता?"

"सांगाच लागन नं. आता सांडाची आहे. सांडाची तं परवानगी भेटन?"

हा तो शब्द. मला त्या क्षणी मागची नाली दिसली, बाबांचा हात दिसला, दारातली आई दिसली. वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम झाला! या बाईनं काढली, पस्तावली, आणि आता आपल्या हातानं सांडायला निघाली.

"मिळेल ना! का नाही मिळणार?"

"तुमचं मानूस आलं तं बरं होईन. सरकारच्या समोर सांडली म्हंजे कोनी चोर म्हननार नाही. पुनवेले या म्हना."

मी कोरा कागद ओढला आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं की अर्जदार स्वतःकडील अवैध दारू शासनाच्या प्रतिनिधीसमक्ष स्वखुशीने नष्ट करू इच्छिते. वाचूनही दाखवलं. 'स्वखुशीने' तिला समजलं, तिनं मान हलवली. 'नष्ट' तिला समजलं नाही आणि तिनं विचारलं नाही. लिहिणाऱ्यावर तिचा विश्वास होता. तिनं अंगठा दिला आणि जाताना माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हेडक्लार्कनी तो अर्ज वाचला आणि साहेबांकडे नेऊन कौतुक केलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण हे काम तीन दिवसांत मंजूर झालं.

पुनव रविवारी येत होती, म्हणून साहेबांनी गुरुवारीच जायचं ठरवलं. बरोबर खात्याचा एक जवान होता, आणि बाईमाणसाच्या घरी जायचं म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. खापरखेड्याची धुरांडी मागे पडली, पळसाची उरलीसुरली फुलं दिसायला लागली, आणि मग तो वास आला. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आवडला. वाटलं, आपण चांगल्या कामाला चाललो आहोत.

तिच्या बांधावर तीन मोह होते. खालची जमीन झाडून सारवलेली, शेवटची फुलं त्यावर पडत होती. एका मोहाखाली खरोखरच खाट टाकलेली होती आणि तिच्यावर धुतलेली वाकळ. जीप बघून सुगरताबाई लगबगीनं आली. "आज काहून आले? पुनव तं रविवारी आहे." पण तोंडावर आनंद होता. पाहुणे आले होते, आणि तेही सरकारी. तिनं पाणी दिलं. घरातून गाडगं आणलं, तोंडाला पळसाचं पान बांधलेलं, गळ्यात मोहफुलांची माळ. दारूच्या गाडग्याला माळ बघून मी थबकले. साहेबही थबकले.

"हेच ना ते?" साहेबांनी विचारलं.

"हेच. पन भुमका रविवारी येनार आहे, साहेब. दीर येनार आहे. तुमी रविवारी या."

"सांडायचीच आहे ना बाई? मग आज काय न् रविवारी काय."

तेव्हा ती मला सांगायला लागली, नवरा, चोर, वर्ष, देव, सगळं एका दमात, माझा हात धरून. नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती, 'आमचे' म्हणत होती. मला हळूहळू समजत गेलं. समजत होतं तोवर जवानानं गाडगं उचललं होतं. मी 'थांबा' म्हणाले. खरंच म्हणाले का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले आहे की म्हणाले. म्हणाले असेन तर ते कुणाला ऐकू जाण्याइतकं मोठ्यानं नव्हतं. जवान उकिरड्याकडे निघाला होता. ती धावली आणि त्याला हातानं मोहाखाली वळवलं, म्हणून निदान झाडाखाली पडली. घळाघळा आवाज झाला. सारवलेली माती काळी पडली. माळ त्यातच गेली.

ती मातीशी बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, नाव नाही घेतलं कोनी."

मी साहेबांकडे पाहिलं.

"मले त्याईचं नाव घेता येत नाही. तुमी घ्या नं. तुमी लिवलं आहे, तुमाले मालूम आहे. माती वली आहे तवर घ्या."

मला नाव माहीत होतं. तिच्या रेशनकार्डावरून उतरवलेलं, माझ्याच अक्षरात कागदावर होतं, सुगरताबाई मनिराम उईके. चार अक्षरांपलीकडे ते नाव जात नव्हतं. साहेब बघत होते. आणि माझ्या आत छप्पन सालच्या प्रतिज्ञा उभ्या होत्या, ज्या मी रोज सकाळी बाबांबरोबर म्हणत असे. श्राद्ध करणार नाही. दारू पिणार नाही. इथं तर दारूनंच श्राद्ध चाललं होतं. मी कसं नाव घेणार? मी स्वतःला असंच विचारलं, आणि विचारता विचारता चैत्राच्या उन्हात माती वाळली. कडेपासून आत, हळूहळू. मी ती वाळताना पाहिली.

पंचनामा झाला. साहेबांनी तिच्यावर गुन्हा लावला नाही, उलट 'स्वखुशीने' या शब्दाखाली रेघ ओढली. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी दया केली होती, आणि तसं पाहिलं तर केलीही होती. निघताना तिनं मला पुन्हा पाणी दिलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, अगदी कानाशी जाऊन. मनातून मला वाटत होतं, ते पाठ थोपटतील. पोरीनं प्रतिज्ञा पाळली. ते झेंड्याच्या कापडाची घडी घालत राहिले.

"काहून वं पोरी," ते शेवटी म्हणाले, "दारू नाही प्यायची हे आपन ठरवलं. कोनाचं नाव नाही घ्यायचं, हे कोनी सांगतलं तुले?"

मी म्हटलं, "बाबा, ते त्यांचं कर्मकांड होतं."

"असन. तुले काय ते कर म्हनलं होतं तिनं? नाव घे म्हनलं होतं." मग खाली बघत, आवाज कधी नव्हे तो हळू करून म्हणाले, "मालगुजाराच्या वाड्यावर राबनाऱ्या तुह्या आज्याले आख्ख्या जलमात कोनी नावानं हाक नाही मारली. अरे, ए, इकडे ये. मेला तवा मालगुजारानं इचारलं, कोन मेला? कोनालेच नाव सांगता नाही आलं. आपन काहून निंगालो होतो तिथून, विसरली का?"

मी रडले. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले आणि म्हणाले, रविवारी जाऊन ये. पण रविवारी जयंतीच्या मंडपाचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर मला तोंड नव्हतं. मी पुढच्या फाल्गुनात गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, म्हातारी पोरीकडे गेली, तिकडे छिंदवाड्याच्या बाजूला. देवात मिळवलं का हो मनिरामला, मी विचारलं. शेजारीण म्हणाली, "कशाचं वं माय. दुसऱ्या खेपेले काढाले भेली ते. साहेब लोक पुन्हा आले तं?" तिन्ही मोहांखाली फुलांचा थर साचला होता, कुणी वेचली नव्हती. त्यांच्यावर मधमाश्या होत्या. मी मोहाखाली उभी राहिले आणि तशीच परत आले. मनाशी कारणही शोधलं, माती कोरडी आहे.

पुढे पस्तीस वर्षं नोकरी केली. किती अर्ज आले, किती परवाने गेले. मी बढती घेतली, नियमांची पुस्तकं बदलली, रकाने वाढले. पण 'हेतू' या रकान्याशी आले की माझी लेखणी थोडी अडायची. समोरच्याला मी दोनदा विचारायची, म्हणजे नक्की काय करायचं आहे तुम्हाला? हाताखालची मुलं म्हणत, बाई फार चिकित्सा करतात. करू देत.

परवा पेपरात वाचलं, आता म्हणे शेतकऱ्याला आपल्या शेतावरच छोटी भट्टी लावायचे परवाने द्यायचं घाटतं आहे. मोहाची, फळांची. बाटलीवर सुंदर चित्र असेल, शहरातले लोक चव घेऊन बोलतील. चांगलंच आहे. ज्यांच्या बांधावर झाड आहे त्यांना चार घास मिळाले तर मला आनंदच आहे. मी दारूच्या विरुद्ध आहे ती आहेच, पण झाडाच्या आणि माणसाच्या विरुद्ध नाही. बातमीत अटी दिल्या होत्या. जागा, नकाशा, स्वच्छता, तपासणी. मी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. खोलीची अट आहे का तेही पाहिलं. मला खाट आठवली, धुतलेल्या वाकळीची.

आज सकाळी मी तांब्या भरून खाली उतरले. प्लॉटच्या कुंपणाला एक पट्टी सुटलेली आहे, तिथून आत गेले. या वयात हे शोभत नाही. मोहाखाली सडा पडला होता. पायाखाली फुलं चिरडू नयेत म्हणून जपून उभी राहिले. दारूला मी हात लावणार नाही, तो माझा बाबांना दिलेला शब्द आहे. पाण्यानं चालतं का, परक्या बाईनं घेतलेलं नाव पोचतं का, इतक्या उशिरा तिथलं दार उघडतं का, मला काही माहीत नाही. विचारायला ना भुमका आहे ना सुगरताबाई. मी हे मानतही नाही. पण तिनं मला मानायला सांगितलंच नव्हतं.

मी पाणी सांडलं. उन्हाळ्याची माती, तिनं पाहता पाहता ओढून घेतलं.

वरून प्रणालीचा आवाज आला, "काकू, काय करून राहिल्या तिथी? अर्ज देता का त्या झाडाचा?"

मी तिला हातानं थांब म्हटलं. मग मोठ्यानं, बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, म्हटलं, "मनिराम उईके."

खाली पाहिलं. माती अजून ओली होती.